विहीर-बोअरचं पुनर्भरण: पाइप जोडायच्या आधी हे वाचा

दरवर्षी मे संपत आला की माझ्या मोबाइलवर तेच फोटो येतात. शेताच्या कडेला खड्डा, त्यात ट्रॉलीभर दगडगोटे, मधून वर आलेला निळा केसिंग पाइप (बोअरची वरची कड ढासळू नये म्हणून घालतात तो) आणि खाली मेसेज, "झालं बघा पुनर्भरण". पुनर्भरण म्हणजे पावसाचं पाणी गाळून विहिरीतून-बोअरमधून परत जमिनीत मुरवणं. मग दिवाळीच्या आसपास त्यातल्याच दोन-चार जणांचा फोन येतो, की बोअरला गढूळ पाणी येतंय, मोटर जाम झाली, आधी निदान अर्धा तास चालायचं ते पण आता नाही. दरवेळी फोनवर सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

हे सगळं आपल्या काळ्या दगडाच्या कोरड्या पट्ट्यासाठी आहे. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला आणि मराठवाड्याचा बराचसा भाग. कोकणातल्या जांभ्याला हे जसंच्या तसं लागू नाही, आणि अकोला-बुलढाण्याकडच्या पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात तर खालचं पाणीच खारं, त्यामुळे तिथलं गणित पूर्ण वेगळं. त्यांनी हे वाचून फावडं उचलू नका.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. बोअर म्हणजे साडेसहा इंचाचं भोक, आणि त्याला पाणी येतं ते दगडातल्या केसाएवढ्या किंवा बोटाएवढ्या फटींतून. तुम्ही त्यात चिखलाचं पाणी सोडलं तर गाळ त्याच फटींत जाऊन बसतो, आणि तो बाहेर काढायला कुठलंही मशीन धड उपयोगी पडत नाही. विहीर निदान उपसून गाळ काढता येते, बोअर नाही.

टप्पा १: आधी मोजा (एप्रिल-मे)

इथंच ९० टक्के लोक शॉर्टकट मारतात. पुनर्भरणाच्या आधी पाणी किती फुटांवर होतं हे माहीत नसेल तर नंतर "वाढलं" म्हणायला काय आधार?

विहिरीसाठी: कठड्यावर एका जागी ऑइल पेंटने खूण करा. दरवेळी तिथूनच मोजायचं. टेपला वजन बांधून सोडा, नाहीतर दोरीला दगड बांधून गाठी मारा, कसंही चालेल. आपल्याकडची म्हातारी माणसं 'परस' म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापात बोलतात, विहीर पाच परस वगैरे, पण वहीत फूट नाहीतर मीटर लिहा, कारण प्रत्येकाचा परस वेगळा निघतो.

बोअरसाठी: दोन पदरी वायर घ्या, टोकं सोलून एकमेकांपासून जरा लांब ठेवा, खाली लहान वजन बांधा आणि वरच्या टोकाला मल्टिमीटर लावा. टोक पाण्याला टेकलं की काटा हलतो. वायरवर दर दहा फुटांवर टेपची खूण करून ठेवा. मोटरचा फ्यूज काढूनच हे करा.

वहीत चार रकाने पुरतात: तारीख, पातळी, मोटर किती तास बंद होती, आणि मागच्या आठवड्यात पाऊस किती. मोटर किमान १२ तास बंद पाहिजे, शक्यतो पहाटे मोजा. चालू मोटरची पातळी लिहून ठेवणारे पण बघितलेत मी, त्या आकड्याला काही अर्थ नाही.

आणि हे कोणीच करत नाही, पण कराच: शेजारची एक विहीर निवडा जिथं पुनर्भरण करणार नाही, तिची पातळी पण लिहा. पाऊसच चांगला झाला तर दोन्ही वर येतील. तुमची जास्त आली तरच तुमच्या खड्ड्याचं काही कर्तृत्व.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात अशी विहीर असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या ऑफिसात जुने आकडे मागा. तुम्ही पण त्याच महिन्यांत मोजलंत तर जुळवून बघता येतं.

तपासा: वहीत मे महिन्याची किमान एक नोंद दोन्ही ठिकाणची झाली का? नसेल तर पुढं जाऊ नका.

टप्पा २: खाली काय आहे ते बघा

आपला दगड म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर. प्रत्येक थराचा वरचा भाग बुडबुड्यांचा, पोकळ्यांचा, कधी त्यात पांढरे-हिरवट खडे भरलेले, त्याला आपण मांजऱ्या म्हणतो. खालचा भाग घट्ट काळा पाषाण. आणि दोन थरांच्या मधे कुठं कुठं लाल गेरूचा पट्टा. पाणी राहतं ते मुरमात, कच्च्या खडकात, मांजऱ्यात आणि पाषाणाला चिरा असतील तर त्या चिरांत. बिनचिरेच्या काळ्या पाषाणात पाणी राहत नाही, कितीही खोल जा.

विहीर असेल तर मे महिन्यात तळ दिसतो तेव्हा भिंत नीट बघून घ्या. झरा कुठल्या थरातून येतोय, किती फुटांवर, कुठल्या बाजूने. फोटो काढून ठेवा.

⚠ इशारा: बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत एकट्याने उतरू नका. वर दोन माणसं, कमरेला दोर, आणि डिझेल इंजिन विहिरीच्या आत ठेवून कधीच चालवू नका. त्याचा धूर विहिरीत साचतो आणि माणूस आवाज न करता जातो. वाचवायला उतरणारा दुसरा पण जातो. कोणी आत पडलंच तर मागोमाग उडी मारू नका, वरून दोराने ओढता येत असेल तर ओढा आणि मदत बोलवा.

बोअर असेल तर आत बघता येत नाही, म्हणून मशीनवाल्याने काय सांगितलं होतं ते आठवा: केसिंग किती फूट टाकलं, पाणी कितव्या फुटाला लागलं, धुरळ्याचा रंग कुठं बदलला. यापुढे कोणी बोअर मारत असेल तर वही घेऊन उभे राहा, दर दहा फुटांना धुरळ्याचा रंग लिहा, चिमूटभर पुडीत ठेवा. तेवढ्यावरनं सगळं कळतं. पाण्याची जागा दाखवणाऱ्या पाणाड्याच्या नारळाला हजारो रुपये देणारी माणसं वहीसाठी दहा रुपये खर्च करत नाहीत, ही आपली तऱ्हा.

आता ठरवायचं, विहीर भरायची की बोअर? माझं मत सरळ आहे. विहीर असेल तर आधी विहीर. वरच्या ४०-५० फुटांतला मुरूम-मांजऱ्या भरला की त्याचा फायदा तुम्हाला, शेजाऱ्याला आणि पुढं ओढ्याला पण होतो, आणि चूक झाली तर गाळ काढता येतो. बोअर हा दुसरा पर्याय.

आणि ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक: "ते बोअर कोरडंच गेलंय, पडूनच आहे, त्यातच सोडू पाणी." अहो, ज्या भोकातून पाणी कधी आलंच नाही त्यातून आत जाणार तरी कुठून? फटच नाही तिथं. बहुतेक वेळा असं बोअर नुसतं बाटलीसारखं भरतं आणि वरून वाहतं. ज्या बोअरला चार-पाच वर्षांपूर्वी चांगलं पाणी होतं आणि आता आटलं, ते पुनर्भरणाला चांगलं. पक्कं ठरवायचं ते पुढच्या टप्प्यात.

टप्पा ३: बोअर पाणी पितंय का ते तपासा

टँकरचं किंवा टाकीतलं स्वच्छ पाणी घ्या, १,००० लिटर पुरे. मोटर बाहेर काढलेली असेल तर उत्तम.

आधी पातळी मोजा. मग १,००० लिटर एका दमात ओता. साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटाला साधारण साडेसहा लिटर मावतं, म्हणजे दगडाने थेंबभर नाही घेतलं तर पातळी दीडशे फूट वर यायला पाहिजे. ओतून झाल्यावर लगेच मोजा, मग १० मिनिटांनी, ३० मिनिटांनी, तासाने.

• ओततानाच फारसं वर आलं नाही, किंवा अर्ध्या तासात बरंचसं उतरलं: बोअर पाणी पितंय, पुढं चला.
• तासाभरात १०-२० फूटच उतरलं: आशा कमी. छताचं थोडं पाणी सोडण्यापुरतं ठीक, शेताच्या पाण्यासाठी खर्च करू नका.
• हललंच नाही: सोडून द्या. जाड झाकण वेल्डिंग करून पक्कं बंद करा, उघडं बोअर म्हणजे लेकराबाळांच्या जिवाशी खेळ.

या परीक्षेला एका टँकरचा खर्च येतो. न करता बांधलेला फिल्टर वाया गेला तर खड्डा, खडी, वाळू, मजुरी धरून कित्येक पट जातात. तरी लोक टँकर वाचवतात.

टप्पा ४: कुठलं पाणी घ्यायचं, कुठलं नाही

छताचं पाणी सगळ्यात चांगलं. हिशोब सोपा: छताचे चौरस फूट गुणिले पाऊस मिलिमीटरमध्ये, त्याला ०.०९ ने गुणा, लिटर आले. त्यातलं ८० टक्के हाताला लागतं असं धरा. १,००० चौरस फुटांचा स्लॅब आणि ५०० मिमी पाऊस असेल तर वर्षाला साधारण ३६-३७ हजार लिटर.

शेताचं वाहून जाणारं पाणी यापेक्षा खूप जास्त असतं पण गढूळ. एका एकरावर २० मिमीचा एक दणका पडला तर ८० हजार लिटर पाणी पडतं. त्यातलं चौथा हिस्सा वाहिलं तरी २० हजार लिटर, आणि ते तासाभरात येतं. म्हणून पाच एकराचं पाणी एका फिल्टरकडे वळवायचा मोह टाळा. एक-दीड एकर खूप झालं, बाकीचं बांधबंदिस्तीने शेतातच मुरवा.

ओढ्याचं पाणी घ्यायचं असेल तर कडेला छोटा चर काढून थोडं वळवा. ओढा अडवायचा नाही. खालच्याचं पाणी तुटलं की भांडण कोर्टात जातं, आणि ते बरोबरच आहे.

हे पाणी कधीच घेऊ नका:
• गोठ्याचं, उकिरड्याचं, गटाराचं
• संडासाच्या शोषखड्ड्याजवळून येणारं (शोषखड्डा किमान ५० फूट लांब, आणि उताराच्या खालच्या बाजूला पाहिजे)
• खत टाकल्यावर किंवा फवारणी केल्यावर लगेच पडलेल्या पावसाचं
• रस्त्यावरचं, गॅरेजवरचं, कुठल्याही कारखान्याच्या कडेचं

जमिनीवरून मुरत गेलेलं पाणी मातीतून थोडं तरी गाळलं जातं. पाइपने थेट खाली सोडलेलं नाही. युरिया, शेण-मूत्र यातलं नायट्रेट वाळूच्या फिल्टरमध्ये अजिबात अडकत नाही, विरघळलेलं असतं ते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ते वाढलं तर सगळ्यात आधी त्रास बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला होतो.

⚠ इशारा: ज्या विहिरीचं किंवा हापशाचं पाणी घरात पितात, तिथं शेताचं पाणी सोडूच नका. फक्त छताचं, ते पण फिल्टरमधून, आणि नंतर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून. गावाच्या पिण्याच्या विहिरीबद्दल ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

टप्पा ५: गाळाची टाकी आणि फिल्टर

सगळा जीव इथं आहे, त्यामुळे सावकाश वाचा.

दोन खड्डे लागतात. एका खड्ड्यात भागवायचं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

पहिला: गाळाची टाकी. ५ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट खोल. मधोमध दीड-दोन फूट उंचीची आडवी भिंत. पाणी येऊन थांबतं, जड माती खाली बसते, वरचं निवळ पाणी भिंतीवरून पलीकडे जातं. यात काहीही भरायचं नाही, रिकामी ठेवायची. कित्येक जण यात पण दगड भरतात, मग गाळ काढणार कसा?

दुसरा: फिल्टर. ६ × ६ × ६ फूट. काळ्या मातीत असेल तर आतून विटांचं बांधकाम किंवा निदान जाड प्लॅस्टिक पाहिजेच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगून ढासळते आणि पहिल्याच वर्षी सगळी वाळू चिखलात मिसळते. मुरमात खड्डा असेल तर एवढं नाही लागत.

भरायचा क्रम, खालून वर:
१. दीड फूट मोठे दगड, मुठीएवढे ते नारळाएवढे
२. १ फूट ४० मिमी खडी
३. १ फूट बारीक खडी, १०-२० मिमी
४. नायलॉनची जाळी, शेडनेट पण चालतं, डबल घडी करून
५. दीड फूट जाड वाळू
६. वरचा १ फूट रिकामा, पाणी उभं राहायला

वाळू साधारण अर्धा ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागते, दगड पण तेवढेच, दोन्ही खडी मिळून पाऊण ब्रासच्या आसपास.

खालच्या दगडांच्या थरात ४ इंची भोकं पाडलेला पाइप आडवा ठेवा, तोच पुढं विहिरीकडे किंवा बोअरकडे जातो. हा पाइप दगड टाकायच्या आधी ठेवायचा. वाक्य साधं आहे, पण सगळं भरून झाल्यावर पाइप आठवलेली माणसं मला भेटली आहेत.

इथं होणाऱ्या चुका:

• *न धुता भरणं.* क्रशरवरनं आलेल्या खडीला डस्ट चिकटलेली असते. तीच पहिल्या पावसात बोअरमध्ये जाते. फिल्टर घाण अडवायला बांधला आणि घाण फिल्टरनेच पुरवली असा प्रकार. खडी, वाळू, दगड सगळं धुऊन घ्या, पाणी निवळ येईपर्यंत. वाळू मिळत नाही म्हणून क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरत असाल तर दुप्पट धुवा.
• *मुरूम भरणं.* फुकट मिळतो म्हणून. मुरूम पाण्यात विरघळत जातो. नको.
• *थर उलटे टाकणं.* वाळू खाली, दगड वर. दगड वर दिसायला छान दिसतात पण वाळू खालच्या पाइपातून सरळ निघून जाते.
• *सांडवा न ठेवणं.* स्वच्छ असताना सुद्धा एवढा फिल्टर तासाला काही हजार लिटरच गाळतो, आणि दणक्याचा पाऊस त्याच्या कितीतरी पट पाणी आणतो. जादा पाणी बाजूने निघून जायला गाळाच्या टाकीलाच वाट ठेवा. नाहीतर ते वाट करून घेतं, आणि ती तुमच्या बांधकामातून असते.
• *पाणी थेट वाळूवर पडू देणं.* वाळूत खड्डा पडतो आणि सगळं पाणी तिथूनच खाली जातं. जिथं पाणी पडतं तिथं एक फरशी टाका.

तपासा: टँकरचं उरलेलं पाणी फिल्टरवर सोडा. खालच्या पाइपातून काचेच्या बाटलीत भरा. बाटलीमागे वर्तमानपत्र धरा, अक्षरं वाचता आली पाहिजेत. नाही आली तर अजून धुवा. पाइप अजून कुठंही जोडायचा नाही.

टप्पा ६: जोडणी

विहिरीला जोडताना: पाइप कठड्यातून आत किमान ३ फूट पुढं आला पाहिजे, म्हणजे पाणी भिंतीवर न पडता मधे पडेल. भिंतीवरून ओघळणारं पाणी मुरूम धुऊन नेतं आणि दोन पावसाळ्यांत विहिरीची कड खचते. पाइप खाली पाण्याजवळ नेता आला तर आणखी चांगलं. झरा ज्या बाजूला आहे त्या बाजूने पाणी सोडू नका.

बोअरला जोडताना दोन पद्धती आहेत आणि यावरून लोक भांडतात. एक म्हणजे बोअरभोवतीच खड्डा घ्यायचा, केसिंगला खालच्या दीड-दोन फुटांत ४-५ मिमीची भोकं पाडायची, वरून काथ्या किंवा जाळी घट्ट गुंडाळायची आणि भोवती फिल्टर भरायचा. खूप ठिकाणी हीच सांगतात आणि नीट केली तर चालते. दुसरी म्हणजे फिल्टर दहा-पंधरा फूट लांब बांधायचा आणि गाळलेलं पाणी पाइपने आणून केसिंगच्या वरच्या टोकाला टी (तीन तोंडांचा जोड) लावून सोडायचं, मधे एक व्हॉल्व्ह.

मला दुसरी पटते, आणि कारण तो व्हॉल्व्ह आहे. पाणी गढूळ यायला लागलं की बंद करता येतं. केसिंगला एकदा भोकं पाडली की बंद कशी करणार? काथ्या तीन-चार वर्षांत कुजतो, तो बदलायला सगळा खड्डा उपसावा लागतो, कोणी उपसत नाही. आमच्या नात्यातल्या एकाचं चांगलं चालतं बोअर असंच गेलं. मोटर आत असतानाच ड्रिल मारलं, केसिंगचे तुकडे पंपावर पडले, आणि पुढच्या वर्षी काथ्यातून काळी माती आत. आता त्या केसिंगला म्हैस बांधतात.

भोकांचीच पद्धत करणार असाल तर मोटर आधी बाहेर काढा, भोकं बारीक ठेवा, पाडून झाल्यावर आतला कीस काढा, आणि फिल्टरमध्ये दगड-खडी-वाळूचा क्रम वर सांगितलाय तोच पाळा. गाळाची टाकी तरीही वेगळी लागतेच.

कुठलीही पद्धत असो, केसिंग जमिनीच्या वर किमान दीड-दोन फूट पाहिजे आणि दुसऱ्या पद्धतीत त्याच्या भोवती सिमेंटचा ओटा. नाहीतर साचलेलं घाण पाणी केसिंगच्या बाहेरून घसरत खाली जातं आणि तुमचा लांबचा सुंदर फिल्टर बघत बसतो.

टप्पा ७: पहिले पाऊस वाहू द्या

आता मृग लागला, ढग आले, तुम्ही उतावीळ. थांबा.

पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी आत घ्यायचं नाही. उन्हाळाभर साचलेली धूळ, पाखरांची घाण, पालापाचोळा, शेतातलं खत हे सगळं त्या पाण्यात असतं. व्हॉल्व्ह बंद, सांडवा उघडा. विहिरीच्या पाइपाला एंडकॅप लावून ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या पावसात फिल्टरमधून आलेलं पाणी बाटलीत भरा. वर्तमानपत्राची परीक्षा परत करा, मग तीच बाटली रात्रभर ठेवा. सकाळी तळाला बोटभर सोडाच, नखभर जरी गाळ दिसला तरी अजून थांबा. निवळ असेल तर व्हॉल्व्ह उघडा.

टप्पा ८: पावसाळाभर

हे काम पाच मिनिटांचं आहे पण दर आठवड्याला आहे, म्हणून होत नाही.

१. प्रत्येक मोठ्या पावसानंतर गाळाची टाकी बघा. फूटभर गाळ साचला की काढा. तो गाळ शेतात टाका, तुमचीच माती आहे ती.
२. वाळूवर पाणी दुसऱ्या दिवशीही उभं असेल तर वरचा थर चोंदलाय. २-३ इंच वाळू खरवडून काढा, धुवा, परत टाका. फावड्याने सगळी वाळू ढवळू नका, त्याने गाळ खाली जातो.
३. शेतात खत-फवारणी झाली की पुढचा एक मोठा पाऊस होईपर्यंत व्हॉल्व्ह बंद.
४. पावसाळा संपला की पाइपाला जाळी लावा. साप, बेडूक, उंदीर यांना ही जागा फार आवडते.

दरवर्षी मे महिन्यात वरची सहा इंच वाळू काढून धुवायची. तीन-चार वर्षांनी पूर्ण फिल्टर उपसून परत भरायचा. हे करायची तयारी नसेल तर बोअरच्या वाटेला न जाता फक्त शेतातले बांध, चर नीट करा, त्यात कमी बिघडतं.

टप्पा ९: ऑक्टोबरची मोजणी, आणि मग रब्बी

परतीचा पाऊस उघडल्यावर पातळी मोजा. तुमची आणि त्या शेजारच्या विहिरीची. मेमधला आकडा वजा करा.

समजा तुमची विहीर १८ फूट वर आली आणि शेजारची १५. मग पुनर्भरणाचे फार तर ३ फूट, बाकी पावसाचे. लोकांना ते १८ फुटांचे फोटो टाकायचे असतात. टाका, पण वहीत ३ लिहा.

आणि फरक काहीच दिसला नाही तर लगेच निराश पण होऊ नका. आपल्या खडकात पोकळी फार कमी, ढोबळमानाने २ टक्के धरतात. त्या हिशोबाने एका एकराखालची पातळी एक फूट वर यायला साधारण २५ हजार लिटर लागतात. तुमच्या विहिरीत सोडलेलं पाणी तुमच्या सातबाऱ्याच्या हद्दीत थांबत नाही, ते आजूबाजूच्या दहा एकरांत पसरतं, मग तुमच्या टेपवर इंच-दोन इंचच दिसणार. यावरनंच उलटं पण लक्षात घ्या: २५ हजार लिटर म्हणजे पाच एचपीच्या मोटरचं, किती खोलीवरून उचलतेय त्यावर अवलंबून, एक-दीड तासाचं काम. अख्खा पावसाळा फिल्टर धुऊन एका एकरात चढवलेला फूट एका सकाळी उपसला जातो.

म्हणून पेरणीच्या आधी हिशोब करा. विहिरीचा व्यास २० फूट असेल तर एका फुटाला जवळपास ८,९०० लिटर. ऑक्टोबरला किती फूट आहे, उपसल्यावर रात्रीत किती फूट परत येतं, हे तीन-चार दिवस मोजा. जेवढं रात्रीत परत येतं तेवढंच रोजचं धरून ज्वारी-हरभऱ्याचं क्षेत्र ठरवा, आणि जानेवारीनंतर ते आणखी कमी होणार हे धरूनच. पुनर्भरण केलंय म्हणून ऊस लावणाऱ्यांना मी काय सांगू.

तसंच विहीर-बोअरचं पाणी उपसून प्लॅस्टिकच्या शेततळ्यात साठवणं. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वीज जाळून वर आणायचं आणि उन्हात वाळत घालायचं. शेततळं पावसाच्या वाहत्या पाण्याने भरायचं असतं.

पाणी कमी पडतंय म्हणून त्याच शेतात आणखी खोल बोअर मारायचा विचार असेल तर एवढं माहीत असू द्या: राज्याच्या भूजल कायद्यात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहीर-बोअर घ्यायला मनाई आहे. मशीनवाला हे सांगणार नाही, त्याला फुटावर पैसे मिळतात.

पुढची मोजणी जानेवारीत, मग मार्च, मग मे. मे महिन्याचा आकडा मागच्या मेच्या शेजारी लिहा आणि वाळू धुवायला काढा.